दोन दिवस आणि दोन रात्री

नाही, उठू नका. उठा असं मी म्हटलेलं नाही. बाक सार्वजनिक आहे, त्यावर माझं नाव नाही — माझं नाव समोरच्या त्या फलकावर आहे, आणि माझा प्रश्नही त्या फलकाविषयीच आहे. चाळीस मिनिटं झाली. घड्याळ पाहूनच सांगतो आहे, अंदाजाने बोलायची मला सवय नाही. चाळीस मिनिटांत तुम्ही एकही फोटो काढला नाहीत, डोक्यावर ते पांडाचे काळे कान लावले नाहीत, 'किती गोड, किती गोड' असं एकदाही म्हणाला नाहीत; प्राण्याकडे दोनदा पाहिलंत आणि फलकाकडे सहा वेळा. लोक इथे तिकीट काढून पांडा पाहायला येतात, बाई. फलक वाचायला कोणी येत नाही. जो येतो त्याचा काहीतरी हेतू असतो.

दूरचित्रवाणीकडून आलात का? नाही, त्यांच्याबरोबर यंत्र वाहणारा एक माणूस असतो, आणि ते प्रश्न विचारण्याआधी माझा चहा पितात. तुम्ही तर चहालाही नको म्हणालात — या थर्मासातला चहा मी घरून आणतो, त्यात संशय घेण्याजोगं काही नाही. हे शेंगदाणेही घरचेच, मीठ आणि तिरफळ लावलेले, पण राहू द्या. प्रांताच्या वनखात्याकडून? त्यांचे बूट इतके मळत नाहीत. तुमच्या बुटांना पिवळी माती लागलेली आहे. आमच्या या हेइशी दरीतली माती काळी. म्हणजे तुम्ही खालच्या उतारांवरून, सकाळची पहिली गाडी पकडून आलात. इतक्या लांबून, एकट्या, मंगळवारी, धुक्यात. आणि नेमक्या आज. — आज काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही? बरं. ठाऊक नाही असं आपण धरून चालू.

हा कागद पाहा. हातात देणार नाही, तिथूनच पाहा. अकरा दिवसांपूर्वी इथल्या पांडा केंद्राच्या कार्यालयातल्या लेइ नावाच्या मुलीने तो मला आणून दिला. तो लाकडी फलक कुजत चालला आहे, त्याच्या जागी दगडी बसवायचा आहे, पाथरवट उद्या सकाळी कामाला लागणार. मजकूर जुनाच, फक्त 'वाचला, बरोबर आहे' याखाली माझी सही हवी. नुसती औपचारिकता आहे, तान गुरुजी, असं ती म्हणाली. इथली पोरं मला गुरुजी म्हणतात ते आदराने की थट्टेने, हे मला अजून कळलेलं नाही. पण मला सांगा — लाकडी फलक लावला तेव्हा कोणी सही मागितली नाही, दोनदा रंगवला तेव्हा मागितली नाही, मग आताच का? कोणीतरी काहीतरी लिहून कळवल्याशिवाय कार्यालयांना औपचारिकता आठवत नाहीत. साडेचारला ती मुलगी कागद न्यायला येणार आहे. आणि साडेतीनला तुम्ही येऊन या बाकावर बसलात. मी तुमच्यावर आरोप करत नाही. मी फक्त दोन वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे.

ती पाहा — ओंडक्याला पाठ टेकून बसली आहे ती. सोंगसोंग. अठ्ठावीस वर्षांची मादी. माणसाच्या हिशेबाने शंभरी जवळ आली असं समजा. दाढा झिजल्या आहेत, म्हणून तिला बांबू चिरून देतात आणि वर मक्याच्या पिठाचा वाफवलेला पाव. गेल्या हिवाळ्यात गावात कुजबुज होती की खरी सोंगसोंग केव्हाच मेली, गर्दी कमी होऊ नये म्हणून केंद्राने गुपचूप दुसरी आणून बसवली. संशय झटकून टाकायचा नसतो, तपासायचा असतो. तुमच्या कोपराजवळ ते तबक आहे ना, हिरवट वाळलेल्या गोळ्यांचं, 'हात लावून पाहा' असं लिहिलेलं — ती तिची विष्ठा. सारी दरी लेंडी म्हणते, मी विष्ठा म्हणतो. शहरातल्या बायका इथे नाक मुरडतात. तुम्ही मुरडलं नाहीत, तेही माझ्या लक्षात आलेलं आहे. तर पांडा बांबूचा दांडा चावतो तो दर वेळी ठरावीक लांबीवर. तो तुकडा पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. जनावर बदललं की तुकड्याची लांबी बदलते. आम्ही डोंगरात पांडा मोजायचो ते असे — जनावर वर्षात एकदा दिसलं तर दिसलं, विष्ठा रोज. मी महिनाभर त्या तबकातले तुकडे मोजले. कडा फाटलेल्या, पण लांबी तीच. तीच आहे ती. केंद्रावर माझा विश्वास नाही, मोजपट्टीवर आहे.

आणि हे मी कोणाकडून ऐकलेलं बोलत नाही. शाळेत मी चार वर्षं गेलो, पुढचं सगळं माझं मी वाचलं. आमच्याकडे थंडी अडवायला घरांच्या भिंतींवर वर्तमानपत्रं चिकटवत असत. मी आमच्या भिंती वाचून संपवल्या, मग शेजाऱ्यांच्या. एका घरात कागद उलटे चिकटवले होते, तर मी पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडून वाचले, आणि घरधनीण म्हणाली, हा पोरगा एक तर अधिकारी होईल नाही तर वेडा. या केंद्राच्या फलकांवरच्या अकरा चुका मी पत्राने कळवल्या आहेत. नवजात पिल्लाचं वजन दहापट लिहिलं होतं. खिंडीची उंची चुकली होती. लाल पांडा हा मोठ्या पांडाचा धाकटा भाऊ, असं लिहिलं होतं, सरकारी फलकावर. नऊ दुरुस्त झाल्या, दोन प्रलंबित आहेत. — काय म्हणालात? या फलकावरची? म्हणजे शेवटी तिथेच आलात. बरं, विचारलंत म्हणून सांगतो. या फलकावरही एक चूक आहे. झाड. 'चीडाच्या ढोलीत' असं लिहिलं आहे. ते चीडाचं नव्हतं, फर वृक्षाचं होतं, चीडाला एवढी मोठी ढोली पडत नाही. तिचं नावही कार्यालयाने त्याच चुकीवरून ठेवलं, सोंग म्हणजे चीडाचं झाड. ती मी का कळवली नाही? कारण मग नावही बदलावं लागलं असतं. नाव लागून गेलेल्या जनावराचं नाव बदलणं योग्य नव्हे.

आणखी? आणखी काही नाही. मी तुम्हाला पूर्ण मजकूर वाचून दाखवतो. 'मातेने टाकून दिलेलं हे पिल्लू वनरक्षक तान चिंगफू यांना चीडाच्या ढोलीत सापडलं. पावसात आणि बर्फात दोन दिवस आणि दोन रात्री वाट पाहून, माता परत येत नाही अशी खात्री झाल्यावरच त्यांनी पिल्लाला आपल्या कोटाच्या आत, छातीशी धरून खाली आणलं.' बस्स. कोटाच्या आत, हे खरं आहे. अंगावर मुतलीही होती. तो वास त्या कोटाला अनेक हिवाळे येत होता, मी तो धुऊ दिला नाही. — एकट्याने? एकट्याने असं कोण म्हणतं? फलक नीट वाचा, 'एकट्या' हा शब्द त्यात कुठेही नाही. डोंगरात कोणीच एकटं जात नसे, तसा नियमच होता. माझ्याबरोबर एक गडी होता. पेइ शानमिन नावाचा. त्याचं नाव फलकावर नाही, कारण फलकावर जागा मोजकी असते.

पेइला एक अक्षर वाचता येत नव्हतं. सरकारने मला पितळी मोजपट्टी दिली होती. तो तुकडा आपल्या अंगठ्यावर आडवा ठेवायचा, पेरापासून नखापर्यंत, डोळा बारीक करायचा आणि सांगायचा — ही पलीकडच्या कड्यावरची म्हातारी, हा ओढ्याजवळचा तरणा. मी मोजायला लागलो की म्हणायचा, गुरुजी, तुमचं मोजून होईपर्यंत ती दुसरी टाकून जाईल. गुरुजी हे नाव त्यानेच पाडलं. ही पद्धत शास्त्रीय नव्हे, हे मी त्याला पुष्कळदा सांगितलं. — चुकायचा का? तो प्रश्न वेगळा आहे. नाही, माझ्या पाहण्यात चुकला नाही. बायको लवकर गेलेली, सहा वर्षांची मुलगी होती, तिला पाठीवरच्या टोपलीत घालून तो छावणीपर्यंत आणायचा आणि ती टोपलीतून मान बाहेर काढून सगळ्यांना नावं ठेवायची. मला म्हणायची, तुमचे ओठ बोलण्याआधीच हलतात. मी वाचत असताना हलायचे, ते खरं आहे. तिला मी झाडांच्या चित्रांचं एक पुस्तक वाचायला दिलं होतं. ते परत आलं नाही. माझ्याकडून गेलेली पुस्तकं माझ्या लक्षात असतात.

त्या वर्षी वरच्या उतारांवर बांबू फुलला होता. बांबू फुलला की वाळतो, मैलोन्‌मैल, पेंढ्यासारखा. आणि सगळा देश म्हणत होता की पांडे उपाशी मरणार. आकाशवाणीवर तेच, शाळेतली पोरं खाऊचे पैसे पाठवत होती, तालुक्याहून पत्रकं आली होती — कुठे अशक्त जनावर दिसलं, टाकलेलं पिल्लू दिसलं, तर खाली आणा. जो आणील त्याला पक्की नोकरी. त्या हिवाळ्यात डोंगरात जे दिसेल ते आम्हाला उपाशीच वाटायचं, धडधाकट जनावर बसलेलं दिसलं तरी लोक म्हणायचे, उठवत नाही बिचाऱ्याला. हे तुम्ही समजून घेतलं पाहिजे. तर दुपारी बाराला पिल्लाचं किंचाळणं ऐकू आलं. फरच्या ढोलीत, शेवाळाच्या गादीवर, दोनएक महिन्यांचं. आई नाही. आम्ही नाल्याच्या पलीकडे खडकावर बसलो. पाऊस, निम्मा बर्फ. पेइ म्हणाला, बाळंतीण आहे, पोट भरायला गेली असेल, येईल. पिल्लू गप्प झालं की मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा किंचाळायचं. चार वाजता मी नाला ओलांडला, पिल्लाला कोटात घेतलं आणि — दुसऱ्या दिवशी. म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या पुढच्या दिवशी, चार वाजता. फलकावर आहे तसं.

असं पाहू नका माझ्याकडे. माणसाची जीभ अडखळते. एकाहत्तर वर्षांचा आहे मी.

फोन बंद आहे का तुमचा? दाखवा. बरं, बंद आहे. तो पिशवीत ठेवलात तर बरं.

मला एक सांगा, पेइचं म्हणणं ऐकून बसून राहिलो असतो आणि पिल्लू मेलं असतं, तर? कोणाची जबाबदारी होती ती? त्याची नव्हे, अहवाल मी लिहिणार होतो. डोंगरातला पांडा वीस वर्षं जगला तर खूप; ही अठ्ठावीस वर्षं जगली आहे. सात पिल्लं झाली तिला. दर वेळी पिल्लं काढून आतल्या खोलीत नेत, बाटलीने वाढवायला, तेव्हा ती त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, दोन-दोन दिवस, बांबूला शिवायची नाही. मी इथे असायचो. मी दर वेळी इथे असायचो. म्हणून मला माहीत आहे की पांडाची आई — ते असो. वनखात्याने आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत स्पष्ट नियम होता: पिल्लू एकटं दिसलं तर दुरून लक्ष ठेवावं, दोन दिवस आणि दोन रात्री माता परतली नाही तरच ते टाकलेलं समजावं. पुस्तिका माझ्या खिशात होती. पेइ म्हणाला, गुरुजी, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा, पुस्तक म्हणेल ते मला मान्य. मी ती उघडली, थेंब पडू नये म्हणून वर हात धरला, आणि त्याला वाचून दाखवलं: चार तास.

चार तास असं वाचलं मी.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे लोक दरीत येणार होते. एवढंच कारण. पक्की नोकरी, कार्यालयात खोली, खोलीत विजेचा दिवा आणि पुस्तकं ठेवायला एक फळी. तुम्हाला वाटेल केवढंसं. ज्याने उलट्या भिंती वाचल्या आहेत त्याला विचारा. पेइने मान डोलवली. पुस्तकावर त्याचा केवढा विश्वास — वाचता येणाऱ्यांचा नसतो तेवढा. तो पुढे झाला आणि मला पाय घसरू नये म्हणून वाटेतल्या काटक्या तोडत खाली आला.

पण त्याच्या मनाने ते घेतलं नसावं. मुलीला शेजारणीकडे ठेवून तो पुन्हा वर गेला, एकटा, नियम मोडून. त्याच खडकावर बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नव्या खोलीत आला, भिजलेला, आणि रुमालाची गाठ सोडून टेबलावर ठेवली. ताजी विष्ठा होती, ओली, अजून चकाकत होती. मादी त्याच संध्याकाळी परतली होती, मागावरून पाहता आम्ही उतरल्यावर तासाभरात; त्याला दिसली तेव्हा तोंडाला बांबूचा पाला होता. ढोलीतलं सगळं शेवाळ तिने ओढून बाहेर काढलं होतं आणि झाडाभोवती फिरून फिरून वाट पाडली होती. हे त्याने आवाज न चढवता सांगितलं. मग एवढंच म्हणाला:

"गुरुजी, तुम्हाला वाचता येतं ना? मग हे वाचा."

मी मोजले. सगळे तुकडे मोजले, एकेक. छत्तीस मिलिमीटर. पलीकडच्या कड्यावरची, वर्षभर आमच्या वहीत असलेली. उपाशी नव्हती, उपाशी जनावराची विष्ठा तशी नसते. आणि मग मी ते सगळं शेगडीत टाकलं. ओलं होतं, हळूहळू पेटलं, गवताच्या गंजीसारखा वास आला. पेइ ते जळेपर्यंत उभा राहिला, रुमाल झटकून खिशात ठेवला आणि गेला. अहवालावर साक्षीदार म्हणून अंगठा द्यायला मी त्याला बोलावलं नाही, आणि तोही आला नाही. वसंतात मुलीला टोपलीत घालून तो दरी सोडून खाली चहाच्या मळ्यात कामाला गेला. तीन वर्षांपूर्वी तो वारल्याचं कळलं. मी गेलो नाही. त्या दिवशी इथे शाळेची मुलं यायची होती आणि मी त्यांना पिल्लाची हकीकत सांगणार होतो. सांगितली. दोन दिवस आणि दोन रात्री. टाळ्या वाजवल्या त्यांनी.

मी हे तुम्हाला का सांगतो आहे, हे मलाच समजत नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. तुम्ही एखादा शब्द विचारता आणि गप्प बसता, हाच तुमचा डाव दिसतो. माणूस गप्प बसला की दुसरा बोलतो, हे तपासनीसांना शिकवतात. पण यातलं काहीही सिद्ध करता येणार नाही, हे लक्षात ठेवा. एकच पुरावा होता तो शेगडीत गेला, एकच साक्षीदार होता तो मातीत आहे. तेव्हा तुम्हाला पाठवणाऱ्यांना सांगा की तान चिंगफू सही करणार आहे आणि —

ते काय करता आहात?

तबकातला तुकडा घेतलात, ठीक आहे, घ्या, लिहिलंच आहे तसं. पण तो असा — असा आडवा अंगठ्यावर का ठेवलात? पेरापासून. आणि डोळा —

कोणी शिकवलं हे तुम्हाला?

नको. नाव सांगू नका. बुटांची माती मी पाहिली होती. पिवळी माती. मी पाहिली होती आणि मला — वाचता आली नाही.

…

हं. ये, लेइ. नाही, सही झालेली नाही. नाही, पेन आहे माझ्याकडे. पाथरवटाला सांग, थांब म्हणावं. हत्यारं आणली असली तरी थांबायला सांग. मजकुरात दुरुस्ती आहे. — नाही, झाडाची नव्हे. वरिष्ठांना म्हणावं, तान गुरुजींची बारावी चूक. किती दिवस? दोन दिवस आणि दोन रात्री. हो, लिहून घे, मोजून तेवढेच. हसू नकोस. जा आता.

आणि तुम्हीही निघा, बाई. खालची शेवटची गाडी पाचला सुटते, ती कोणासाठी थांबत नाही. तो तुकडा हवा असेल तर ठेवा तुमच्याकडे. ते पुस्तक परत आणायची गरज नाही. नाही, काही बोलू नका. निघा.